हिवाळा बरा चाललाय ना?

दोस्तांनो, रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की आपण काय म्हणतो? ‘काय, कसं काय?’ पावसाळा असो की उन्हाळा, आपला प्रश्न एकच. मंगोलियात मात्र मोसम बदलला की खुशालीचा प्रश्नही बदलतो. थंडीच्या दिवसांत पाहुणा तंबूत शिरला की विचारतो, ‘हिवाळा बरा चाललाय ना?’ आणि माणसांच्या पाठोपाठ जनावरांची खुशाली विचारतो. घरातल्यांनी उत्तर द्यायचं ते ‘बरा चाललाय’ असंच. तशी रीतच आहे. खरं काय चाललंय ते मग मीठ घातलेला दुधाचा चहा पिता पिता हळूहळू बाहेर येतं.

आणि बाहेर येतं ते कधी कधी फार वाईट असतं. २०२३-२४ च्या एका हिवाळ्यात मंगोलियात सत्तर लाखांच्या वर जनावरं मेली. वाचताना हा नुसता आकडा वाटतो. पण ज्या घरात शेत नाही, दुकान नाही, पगार नाही, जे काही आहे ते दाराशी बांधलेलं आणि माळावर चरणारं, त्या घराचं काय झालं असेल याचा विचार करा.

आधी हा देश कसा आहे ते बघू. नकाशात चीनच्या वर आणि रशियाच्या खाली पाहा. आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट मोठा, पण माणसं सगळी मिळून पस्तीस लाखांच्या आसपास. एकट्या मुंबईत याच्या तिपटीहून जास्त लोक राहतात! जनावरं मात्र २०२३ च्या अखेरीस सुमारे साडेसहा कोटी होती. म्हणजे दर माणशी अठरा-एकोणीस. समुद्र नाही, पाऊस थोडा, उन्हाळा छोटा. उलानबातर ही तिथली राजधानी जगातली सर्वांत थंड राजधानी म्हणून ओळखली जाते. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीसपर्यंत उतरतो. अशा ठिकाणी शेती ती किती होणार? पण गवत होतं. मैलोन्‌ मैल नुसतं गवत. माणसाला गवत खाता येत नाही, जनावराला येतं. त्या एवढ्याशा गोष्टीवर हा देश हजारो वर्षं उभा आहे.

घोडे, उंट, मेंढ्या, शेळ्या आणि गाई (याक गाईंतच मोजतात) या पाचांना मिळून तिथं ‘पाच मुस्कटांची जनावरं’ म्हणतात. प्रत्येकाचं काम वेगळं. घोडा बसायला, दोन वशिंडांचा उंट ओझ्याला, मेंढी मांसाला आणि लोकरीला. मेंढीच्या लोकरीचाच नमदा करतात, म्हणजे लोकर भिजवून, दाबून केलेलं जाड कापड. त्याच नमद्यानं त्यांचा गोल तंबू, ‘गेर’, झाकलेला असतो. चुलीत जळतात त्या गोवऱ्या. थोडक्यात, घराच्या भिंती, ताटातलं अन्न, चुलीतली आग आणि पायाखालचं वाहन, सगळं चार पायांवर चालणारं!

नऊ नवे एक्क्याऐंशी

तुम्हाला नवाचा पाढा येतो? मंगोल मुलांना हिवाळा मोजायला तो लागतो. २२ डिसेंबरच्या सुमारास, सगळ्यात छोट्या दिवसापासून, ते नऊ-नऊ दिवसांचे नऊ तुकडे मोजतात. एकूण एक्क्याऐंशी दिवस. प्रत्येक नवाची एकेक खूण. पहिल्या दोन नवांत दुधापासून काढलेली दारू गोठते. (दारू गोठायला पाण्यापेक्षा किती तरी जास्त थंडी लागते, हे विज्ञानाच्या तासाला विचारून घ्या.) तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठतं, चौथ्यात चार वर्षांच्या बैलाचं. हा सर्वांत कडक काळ. पाचव्यात बाहेर ठेवलेला शिजलेला भात गोठायचा थांबतो. सहाव्यात बर्फातून रस्ते काळे दिसू लागतात, सातव्यात टेकड्यांचे माथे उघडे पडतात, आठव्यात जमीन ओली होते आणि नवव्यात ऊब येते. थर्मामीटर घरात नसताना केलेलं हे थर्मामीटरच म्हणायचं!

हा झाला नेहमीचा हिवाळा. तो कडक असला तरी ओळखीचा असतो. त्याची तयारी झालेली असते. जो हिवाळा या पाढ्यात बसत नाही, त्याला मंगोल लोक ‘जुद’ म्हणतात.

गंमत म्हणजे हा शब्द इंग्रजी पुस्तकांना नीट लिहिता येत नाही, कुणी पुढे एक अक्षर जोडतं, कुणी काढतं. आपल्याला मात्र सोपा. ‘जुना’ या शब्दातला ‘जु’ घ्या आणि पुढे ‘द’ लावा, झाला मंगोल उच्चार.

जुद म्हणजे नुसती थंडी नव्हे. जनावराला गवतापर्यंत पोचता येत नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. म्हणून त्याचे प्रकार आहेत. बर्फ इतकं पडतं की खालचं गवत खोदूनही हाती लागत नाही, तो पांढरा जुद. बर्फ पडतच नाही, तो काळा जुद. तुम्ही म्हणाल, बर्फ पडलं नाही तर बरंच की! पण हिवाळ्यात ओढे-झरे गोठलेले असतात आणि जनावरं बर्फ खाऊनच तहान भागवतात. बर्फ नाही म्हणजे पाणी नाही. तिसरा लोखंडी जुद. मध्येच एखादा दिवस ऊन पडतं, बर्फ थोडं वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं. मग सगळ्या माळावर काचेसारखा टणक थर बसतो. मेंढ्यांचे खूर त्यावर आपटतात, घसरतात, रक्ताळतात. काचेखाली गवत दिसत असतं, पण खाता येत नाही. मला तर सगळ्यांत क्रूर हाच वाटतो. चौथा खुरांचा जुद. संकटातून निभावलेल्या एखाद्या भागात दहा ठिकाणचे कळप येऊन कोंबले जातात आणि तिथलं गवतही खुरांखाली तुडवून संपतं. आणि एकाच हिवाळ्यात दोन-तीन प्रकार एकत्र आले तर मग विचारूच नका. २०२३-२४ मध्ये असंच झालं. आधी मोठं बर्फ पडलं, मध्ये ते वितळलं आणि मग गोठून बसलं.

मारतो मार्च, पण कारण असतं जुलै

जनावरं मरतात ती बहुधा हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंताच्या तोंडावर. कारण हिवाळाभर त्यांना पोटभर मिळतच नाही. उन्हाळ्यात अंगावर जी चरबी चढते ती हळूहळू जळत असते. तिथल्या मेंढीचं शेपूट चरबीनं जाड असतं, उंटाचं वशिंडही चरबीचंच. हा त्यांचा डबा! फेब्रुवारी-मार्चपर्यंत डबा रिकामा होत येतो, नेमक्या तेव्हाच माद्या व्यायला लागतात आणि तेव्हाच वादळंही येतात. आदल्या उन्हाळ्यात पाऊस कमी झाला असेल तर डबा मुळात अर्धाच भरलेला. म्हणून जाणता मंगोल मेंढपाळ जुलैत आभाळाकडे बघून मार्चची काळजी करतो.

आणि नुसती काळजी करत नाही. हिवाळी मुक्काम कुठं करायचा हे ठरलेलं असतं: टेकडीच्या दक्षिण उतारावर, वाऱ्याला पाठ देऊन. त्या भागात उन्हाळ्यात एकही जनावर फिरकू द्यायचं नाही, म्हणजे गवत शिल्लक राहतं. तिथं दगडांचा किंवा लाकडाचा वाडा असतो. वाड्यात वर्षानुवर्षं साचलेल्या लेंड्यांचा जाड थर ठेवलेला असतो. घाण वाटते ना? पण तो मेंढ्यांचा गालिचा आहे. खालून येणारी थंडी तो अडवतो. ऑगस्टपासून गवत कापून वाळवायचं. थंडी सुरू झाली की जी जनावरं तगणार नाहीत ती कापायची. मांस उघड्यावरच गोठून राहतं, फ्रिजची गरज नाही. काही घरांत गाईंच्या पाठीवर नमद्याच्या झुली शिवून बांधतात. बर्फ जास्त असेल तर आधी घोडे सोडतात. घोडा खुरांनी बर्फ उकरतो, त्यानं मोकळ्या केलेल्या वाटेवर मागून मेंढ्या चरतात.

सगळ्यात मोठा उपाय म्हणजे निघून जाणं. आपल्याकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन घाटाखाली कोकणात उतरतात, तसाच हा चाऱ्यासाठीचा प्रवास. त्याला ‘ओतोर’ म्हणतात. घरातली एक-दोन माणसं कळप घेऊन शंभर-दोनशे किलोमीटरवर, जिथं बर्फ कमी तिथं जातात आणि छोट्याशा तंबूत महिनोन्‌ महिने राहतात. पण जायचं तर वेळेत जायला हवं. बर्फ साचल्यावर भुकेलेल्या मेंढ्या चालूच शकत नाहीत. ‘अजून चार दिवस पाहू’ म्हणणारा अडकतो.

मग दर थोड्या वर्षांनी लाखो जनावरं का मरतात? लोकांना कळत नाही म्हणून? तसं नाही. त्याला थोडा इतिहास आहे.

कळप आपले, काळजीही आपली

साधारण १९६० पासून मंगोलियात जनावरं घराघरांची नव्हती. थोडीफार खासगी सोडली तर बाकीची सगळी सामुदायिक संस्थांच्या मालकीची होती. तेव्हाच्या साम्यवादी राजवटीत मेंढपाळ हा पगारी नोकर असे. त्याला आपल्या मर्जीनं फार काही करता येत नसे. पण संकटात सरकारची वैरणीची कोठारं उघडत, ट्रक येत, पशुवैद्य येत, पंपाच्या विहिरी चालू असत.

१९९० मध्ये ती राजवट गेली, लोकशाही आली. संस्था मोडल्या आणि जनावरं लोकांत वाटली गेली. त्याच सुमारास कारखाने बंद पडत होते. नोकऱ्या गेलेल्या शहरातल्या हजारो माणसांनी वाट्याला आलेल्या मेंढ्या घेतल्या आणि माळाची वाट धरली. दहा वर्षांत पशुपालकांची संख्या दुपटीहून जास्त झाली. यातल्या पुष्कळांना ओतोर कधी करायचं, वाडा कुठं बांधायचा हे ठाऊक नव्हतं. कोठारं गेली होती, विहिरींचे पंप मोडले होते. काम करायला हात हवेत म्हणून बऱ्याच घरांनी मुलग्यांना शाळेतून काढलं. त्या दहा वर्षांत तिथं मुलींपेक्षा मुलग्यांची शाळा जास्त सुटली. हे तेव्हाच्या आपल्याकडच्या नेमकं उलटं!

काही वर्षं हिवाळे सौम्य गेले. कळप वाढले. आणि मग १९९९ पासून २००२ पर्यंत ओळीनं तीन जुद आले. सुमारे एक कोटी दहा लाख जनावरं गेली. २००९-१० मध्ये पुन्हा एक जुद आला. त्या एका हिवाळ्यात देशातल्या दर पाच जनावरांमागे एकाहून जास्त जनावर मेलं आणि सुमारे नऊ हजार कुटुंबांकडे एकही जनावर उरलं नाही. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा माळभर पडलेली मढी पुरायचं काम निघालं. रोगराई पसरू नये म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेनं त्या कामाची मजुरी दिली. आपल्याच मेलेल्या मेंढ्या पुरायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे.

कळप गेलेली पुष्कळ कुटुंबं गेर गुंडाळून उलानबातरला आली आणि शहराभोवतीच्या टेकड्यांवर राहिली. आज देशातली जवळजवळ अर्धी माणसं त्या एका शहरात आहेत.

मेलेली मेंढी मोजायची कुणी?

असं झाल्यावर मदत येतेच. चाऱ्याचे ट्रक येतात, परदेशातून पैसा येतो. पण यायला उशीर होतो. रस्ते बर्फानं बंद असतात, वैरणीचे भाव चढलेले असतात, आणि मेंढी काही समितीच्या बैठकीसाठी थांबत नाही. मग कुणी तरी म्हणालं, विमा का नाही काढायचा? मोटारीचा विमा असतो, घराचा असतो, तसा मेंढ्यांचा.

कल्पना चांगली, पण अडचणी बघा. एखाद्या मेंढपाळानं कळवलं, ‘माझ्या शंभर मेंढ्या मेल्या.’ खरं की खोटं हे पाहायला विमा कंपनीचा माणूस बर्फातून तीनशे किलोमीटर जाणार? त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च मेंढ्यांच्या किमतीपेक्षा जास्त व्हायचा! दुसरं असं, की मेलेल्या मेंढीचे पैसे मिळणारच असतील तर मध्यरात्री उठून वाड्यातलं बर्फ कोण उपसणार? आणि तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. तुमच्या आईची किंवा शेजारच्या काकूंची भिशी असेल. दहा जणी पैसे टाकतात, एकेका महिन्याला एकेकीला मिळतात, म्हणून ती चालते. दहाही जणींना एकाच दिवशी सगळे पैसे हवे झाले तर? जुद एका घरावर येत नाही, अख्ख्या मुलखावर येतो. कंपनीच बुडायची.

यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो. तुमच्या मेंढ्या किती मेल्या हे विचारायचंच नाही! तुमच्या ‘सोम’मध्ये, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्यात, त्या जातीची किती जनावरं मेली एवढंच पाहायचं. मंगोलियात दर डिसेंबरला सगळ्या जनावरांची गणती होते, ही फार जुनी पद्धत आहे. तिच्या जोडीला वर्षाच्या मध्यावरही मोजणी घ्यायला लागले. तालुक्यातली मरतूक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली, की विमा उतरवलेल्या सगळ्यांना मरतुकीच्या प्रमाणात पैसे मिळतात. ही मर्यादा सुमारे सहा टक्के धरली होती. शंभरात पाच-सहा जनावरं दर वर्षी जायचीच, ते घरानं सोसायचं.

उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात एक लाख मेंढ्या आहेत आणि हिवाळ्यात त्यातल्या वीस हजार मेल्या. मरतूक झाली वीस टक्के. मर्यादा ओलांडली, पैसे द्यायचे ठरले. आता दोन शेजारी घ्या. दोघांच्या दोन-दोनशे मेंढ्या, दोघांनी विमाही सारख्याच रकमेचा उतरवला. एकानं वेळेत ओतोर केलं, वैरण साठवली, त्याच्या दहाच मेंढ्या गेल्या. दुसऱ्याच्या नव्वद गेल्या. पैसे कुणाला जास्त? दोघांना सारखेच!

तुम्ही लगेच म्हणाल, हा कसला न्याय? ज्याचं जास्त नुकसान झालं त्याला जास्त नको का? थांबा, उलट्या बाजूनं बघा. जो रात्री जागला, त्याच्या मेंढ्याही वाचल्या आणि वर पैसेही मिळाले. म्हणजे जागण्याचा तोटा झाला नाही. आणि सारा तालुका मिळून मेंढ्यांचा आकडा खोटा सांगेल, हे एकट्यानं खोटं सांगण्याइतकं सोपं नाही. कंपनीच्या माणसालाही बर्फातून जावं लागत नाही. राहिला भिशी बुडण्याचा प्रश्न. त्यासाठी थर केले. थोडं नुकसान मेंढपाळाचं, मधलं विमा कंपन्यांचं आणि फारच मोठा जुद आला तर वरचा भार सरकारनं घ्यायचा. जागतिक बँकेचं पाठबळ घेऊन २००६ मध्ये बायानखोंगोर, खेंती आणि उव्स या तीन प्रांतांत ही योजना सुरू झाली आणि २०१२ पर्यंत सगळ्या एकवीस प्रांतांत पोचली. २०१४ मध्ये तिचा कायदाही झाला.

ही युक्ती आपल्याला अगदी परकी नाही बरं का. कोकणातल्या आंब्याचा किंवा नाशिककडच्या द्राक्षाचा हवामानावर आधारित फळपीक विमा असतो, त्यातही प्रत्येकाच्या बागेत जाऊन फळं मोजत नाहीत. हवामान केंद्रावर पाऊस किती, तापमान किती याची नोंद बघतात आणि त्यावरून पैसे ठरतात. आणि आपल्याकडचे शेतकरी जी तक्रार करतात तीच तिथंही आहे. केंद्र पडलं दहा कोसांवर, गारा पडल्या माझ्या बागेत! मंगोलियातही एखाद्या खोऱ्यात पन्नास टक्के मेंढ्या मेल्या, पण बाकीचा तालुका सुखरूप राहिला आणि सरासरी पाच टक्क्यांवर थांबली, तर त्या खोऱ्यातल्यांना एक पैसाही मिळत नाही. हप्ता भरूनही. त्या माणसाला ‘योजना फार हुशार आहे’ असं सांगून बघा!

तरी ज्यांना पैसे मिळाले त्यांना उपयोग झाला का? २००९-१० च्या जुदमध्ये विमा मोजक्याच प्रांतांत पोचला होता. नंतर अभ्यासकांनी पश्चिम मंगोलियातली कुटुंबं तपासली, तेव्हा विम्याचे पैसे मिळालेल्यांचे कळप पुढच्या एक-दोन वर्षांत इतरांपेक्षा लवकर सावरलेले दिसले. त्याचं कारण अगदी घरगुती आहे. हातात पैसा असला की उरलेल्या मेंढ्या विकाव्या किंवा कापाव्या लागत नाहीत. त्यांना पुढच्या वर्षी कोकरं होतात. जिच्यावाचून कळप पुन्हा उभा राहत नाही ती व्यायला आलेली मेंढी वाचते.

मरायच्या आधीची मदत

विमा झाला तरी पैसे मिळतात ते मेंढी मेल्यावर. मग मरायच्या आधीच काही करता आलं तर? आता तेही चालू आहे. उन्हाळ्यातला पाऊस, गवताची वाढ, कळपांची संख्या आणि हिवाळ्याचा अंदाज यांची गोळाबेरीज करून मंगोलियाचं हवामान खातं हिवाळ्याच्या तोंडावर एक नकाशा काढतं. कुठल्या भागाला जुदचा धोका जास्त, ते त्यावर रंगानं दाखवलेलं असतं. २०१७-१८ च्या हिवाळ्यापासून रेड क्रॉस त्या नकाशावर विसंबून आधीच मदत पाठवू लागली. धोक्याच्या भागातल्या गरीब घरांना थोडी रोख रक्कम आणि जनावरांसाठी औषधं, जीवनसत्त्वं. रक्कम फार मोठी नसते. पण वैरण स्वस्त असताना हातात आलेल्या शंभर रुपयांची किंमत नंतरच्या पाचशेंपेक्षा जास्त असते, हे दिवाळीच्या आधी आणि ऐन दिवाळीत बाजार करणाऱ्या कुणालाही पटेल.

इशारा पोचायलाही साधन हवं. २०१२ पर्यंत एका सरकारी योजनेतून सुमारे एक लाख मेंढपाळ कुटुंबांना सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या छोट्या पट्ट्या मिळाल्या. गेरच्या बाहेर पट्टी ठेवायची, आत दिवा, टीव्ही आणि मोबाईल चालतो. वादळाची बातमी आता खोऱ्यात बसून कळते. कुठं बर्फ कमी आहे हेही फोनवर विचारून मग ओतोरला निघता येतं.

एक प्रश्न मात्र विम्यानंही सुटत नाही आणि नकाशानंही नाही. तो शेळीच्या अंगावर आहे! थंडीसाठी तिथल्या शेळीला वरच्या राठ केसांखाली अतिशय मऊ लोकर येते. ती काश्मिरी लोकर म्हणून जगभर विकली जाते. ती पिकवण्यात चीनच्या खालोखाल मंगोलियाचाच नंबर. १९९० मध्ये देशातल्या पाच जनावरांत एक शेळी होती, आता पाचात जवळजवळ दोन आहेत. पण माळावर गर्दी झाली की शेळी गवत मुळासकट ओढून खाते. गवत विरळ झालं की जनावरांची चरबी कमी, आणि चरबी कमी की साधा हिवाळाही जुदसारखा लागतो. शेळ्या कमी करा, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मेंढपाळालाही ते कळतं. पण माळ सगळ्यांचा आहे, कायद्यानंही सामाईक. मी माझ्या पन्नास शेळ्या कमी केल्या तर ते गवत शेजाऱ्याच्या शेळ्या खाणार! म्हणून काही ठिकाणी खोऱ्यातली सगळी घरं गट करून बसतात आणि हे कुरण ऑक्टोबरपर्यंत बंद, ते कुरण आळीपाळीनं, असं ठरवतात. जिथं सगळे ऐकतात तिथं गवत वाढतं. एकानं मोडलं की मात्र भांडणं.

शिवाय रोख पैसा देणारं जनावर शेळीच आहे. लोकर काढायचा हंगाम एप्रिल-मे. शेळीला खाली पाडायचं, पाय बांधायचे आणि लोखंडी दातांच्या वाकड्या फणीनं लोकर विंचरून काढायची. घरातलं प्रत्येक माणूस या कामाला लागतं. तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकणारी मुलंही घरी आली की हातात फणी घेतात. हिवाळ्यातून किती शेळ्या निभावल्या ते एव्हाना कळलेलं असतं. व्यापारी येतो, लोकर तोलतो, नोटा मोजतो. त्यातून बँकेचं कर्ज फेडायचं. याच मोसमात विम्याच्या हप्त्याचं ठरवायचं: या वर्षी भरायचा की राहू द्यायचा? सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला शाळा उघडते, त्याआधी मुलांचे कपडे, बूट, वह्या. आणि एवढं करून काही उरलंच, तर गवत कापायच्या यंत्रासाठी बाजूला ठेवायचे.